आंब्याचं कोय कलम घरच्या घरी: पानं कधी काढायची, काप कुठे घ्यायचा, टोपी कधी उतरवायची

कोय कलम म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर हव्या त्या जातीची काडी बांधणं. हे कलम फसतं ते बहुतेक वेळा ब्लेड हातात घेण्याआधीच फसलेलं असतं. काप सरळ, पट्टी घट्ट, सावली व्यवस्थित, आणि तरी तीन आठवड्यांत काडी काळी पडते. मग "आमच्या हाताला गुण नाही" म्हणून विषय संपवला जातो. हाताची चूक असतेही, पण थोडी. मोठी चूक तारखांची असते. कोयीचं रोप जमिनीतून वर आल्यावर जेमतेम दोन आठवडे कलमाच्या उपयोगाचं असतं, आणि झाडावरची काडी पानं काढल्यावर आठ-दहा दिवसांनी तयार होते. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी हातात आल्या पाहिजेत. त्यामुळे या लेखात बांधणीइतकीच जागा तयारीला दिली आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा, कारण हापूसच्या कोयीतून हापूसच येईल का, हा प्रश्न दर जूनमध्ये येतो. हापूसची कोय रुजवली तर येणारं झाड हापूसचं नसतं. हापूस, केसर, पायरी यांच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून तयार झालेला, म्हणजे वेगळंच झाड. कोय आपल्याला मुळांसाठी हवी आहे. जात येते ती वरच्या काडीतून.

## आधी जमवायचं सामान

कलम बांधायला बसल्यावर कात्री शोधत फिरलात तर तेवढ्यात काप सुकतो. म्हणून हे सगळं आदल्या दिवशी एका ताटात काढून ठेवा:

- दाढीच्या नव्या ब्लेडी (पाच-सहा कलमांमागे एक) किंवा चांगला कलमाचा चाकू
- काड्या तोडायला सिकेटर (छाटणीची कात्री)
- २०० गेज पॉलिथीनच्या पट्ट्या, २ सें.मी. रुंद आणि ३० सें.मी. लांब
- स्पिरिट किंवा सॅनिटायझर, आणि कापसाचे बोळे
- पेप्सीच्या कांड्या ज्यात भरतात त्या अरुंद लांब प्लास्टिकच्या पिशव्या, टोपीसाठी (बांधलेल्या काडीवर घालायचं आवरण)
- १५ × २५ सें.मी. मापाच्या काळ्या पिशव्या, खाली आणि बाजूला भोकं पाडलेल्या
- कार्बेन्डाझिम बुरशीनाशक, रबरी हातमोजे, बादली
- ओलं करून पिळलेलं सुती फडकं

पट्टीऐवजी सेलोटेप चालत नाही. ओल लागली की तो सुटतो, आणि जोडाला लागतो तो ताणही त्याला देता येत नाही. दुधाच्या पिशवीचं प्लास्टिकही नको, ते जाड असतं आणि कोवळ्या देठाभोवती नीट बसत नाही.

ब्लेडीची काटकसर करू नका. आंब्याचा चीक पात्यावर बसला की पातं कापायच्या ऐवजी चिरडायला लागतं, आणि चिरडलेला काप जुळत नाही.

## टप्पा १: कोयी निवडणं

रायवळ आंब्याच्या कोयी घ्या. झाड जोमदार असावं आणि फळ झाडावर पूर्ण वाढून पिकलेलं असावं. कैरीची किंवा गळून पडलेल्या कच्च्या फळाची कोय नको. आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेल्या आंब्याचीही नको, थंडीने गर्भ मरतो. सासवात (आंब्याच्या कालवणात) शिजलेल्या बाठ्यांबद्दल वेगळं सांगायला नको, तरी त्याही कुंडीत पुरल्या जातात आणि वाट पाहिली जाते.

आंब्याची कोय धान्याच्या बियाण्यासारखी साठवता येत नाही. ती वाळली की संपली. फळ खाल्ल्यावर कोय धुऊन, चिकटलेला गर आणि धागे घासून काढा, एक दिवस सावलीत निथळू द्या आणि आठवड्याच्या आत पेरा. उन्हात वाळवू नका. महिनाभर कोपऱ्यात पडलेल्या कोयींतून काही उगवलंच तर ते नशीब.

किती कोयी घ्यायच्या? पाच कलमं हवी असतील तर पंचवीस कोयींपासून सुरुवात करा. काही उगवणार नाहीत, काही रोपं वाकडी येतील, काही कलमं बसणार नाहीत. पहिल्याच वर्षी पाच कोयींतून पाच कलमं मिळवायचा हिशेब करू नका.

तपासणी: सगळ्या कोयी पाण्याच्या बादलीत टाका. तरंगणाऱ्या काढून टाका. बुडालेल्यांपैकी एखाद्या कोयीच्या टरफलाला बारीक गोल भोक दिसलं तर तीही फेका, आत भुंग्याने गर खाल्लेला असतो.

## टप्पा २: पेरणी

फळांच्या प्लास्टिक क्रेटला आतून गोणपाट लावा आणि त्यात निम्मी वाळू, निम्मी चाळलेली माती भरा. नुसत्या चिकण मातीत रोप वर येताना वाकतं, आणि नंतर उपटताना कोय देठापासून तुटते.

कोय आडवी ठेवा, फुगीर बाक वरच्या बाजूला आणि आत वळलेली कड खाली. उलटी ठेवली तर कोंब खालून वळसा घेऊन वर येतो आणि देठाला बुडाशीच बाक पडतो. अशा बाकाच्या रोपावर कलम बसेलही, पण झाड कायम तिरकं राहतं. दोन कोयींमध्ये चार बोटं अंतर ठेवा आणि वर पाच-सहा सें.मी. माती पसरा.

टरफल काढून आतला गर पेरला तर उगवण लवकर होते आणि भुंगा लागला आहे की नाही तेही समजतं. मात्र टरफल नसल्यामुळे पुढे रोप हाताळताना कोयीच्या दोन फाकी सहज निखळतात. पहिल्यांदा करणाऱ्याने टरफलासकटच पेरावं.

माती ओलसर राहील इतकंच पाणी द्या. कोकणात जूनच्या पावसात क्रेट उघड्यावर ठेवला तर कोयी कुजतात, पडवीत किंवा पत्र्याखाली ठेवा. साधारण दोन ते तीन आठवड्यांत पहिले कोंब मातीबाहेर येतात. एकाच कोयीतून दोन-तीन कोंब आले तर सगळ्यात जाड आणि सरळ तेवढा ठेवा, बाकीचे नखाने खुडा.

पेरणीची तारीख क्रेटवर मार्करने लिहा. पुढचं सगळं तिच्यावरून मोजायचं आहे.

## टप्पा ३: काडीची तयारी

इथेच सगळ्यात जास्त कलमं वाया जातात, म्हणून सावकाश वाचा.

कोणती काडी? ज्या झाडाचं फळ तुम्ही खाल्लं आहे आणि जे नेमाने धरतं, त्या झाडाच्या बाहेरच्या, उन्हातल्या फांद्यांवरची. आतल्या सावलीतल्या बारीक, लांबट काड्या नकोत. काडी मागच्या पालवीची, तीन-चार महिने जुनी असावी. तिचा रंग गडद हिरवा असतो आणि बुडाकडे किंचित करडेपणा आलेला असतो. पानं गर्द आणि कडक असतात, मुठीत चुरगाळलं तर कुरकुर आवाज येतो. टोकाला तांबूस लुसलुशीत पालवी असेल तर ती काडी आत्ता उपयोगाची नाही.

शेंड्याकडे नीट बघा. त्या काडीवर यंदा मोहोर आला असेल तर टोकाला वाळलेल्या मोहोराचा देठ किंवा त्याची खूण दिसते. तिचा शेंड्याचा डोळा (नवा फुटवा जिथून येतो तो) मोहोरातच खर्ची पडलेला असतो, ती घेऊ नका. मोहोर न आलेल्या काडीच्या टोकाला टोकदार, मिटलेला डोळा असतो, भोवती दोन-चार लहान डोळे. तीच हवी.

जाडी किती? "पेन्सिलीएवढी" असं सगळीकडे सांगितलं जातं. मोठ्या रोपावर बांधायचं असेल तर ते बरोबर. दहा दिवसांच्या कोयीच्या रोपाचा देठ मात्र पेन्सिलीपेक्षा बारीक असतो. एक रोप डोळ्यासमोर धरून त्याच जाडीच्या काड्या शोधा. अर्ध्या मिलिमीटरचा फरक चालतो. दुप्पट जाडीची काडी कोवळ्या देठात पाचरीसारखी शिरून तो बुडापर्यंत फाडते.

पानं कधी काढायची? क्रेटमध्ये पहिले कोंब मातीबाहेर दिसले त्या दिवशी. त्याआधी नको, फार उशिराही नको. निवडलेल्या काड्यांवरचं प्रत्येक पान कात्रीने कापा आणि देठाचा साधारण एक सें.मी. तुकडा काडीवर राहू द्या. पान ओरबाडून काढलं तर साल सोलली जाते आणि बगलेतला डोळा जातो. काडी मात्र झाडावरच ठेवायची, आत्ता तोडायची नाही. ओळखायला तिला सुतळी किंवा रंगीत दोरा बांधा, कारण आठवड्याभराने पावसात तीच फांदी शोधणं वाटतं तितकं सोपं नसतं.

पानं गेली की झाड त्या काडीच्या डोळ्यांकडे अन्न पाठवू लागतं. आठ-दहा दिवसांत शेंड्याचा डोळा टपोरा होतो. हे न करता थेट पानांची काडी तोडून, पानं काढून लगेच बांधली तर डोळा झोपलेलाच राहतो. काडी महिनाभर हिरवी दिसते, आपणही आशेवर राहतो, आणि मग ती सुकते.

तपासणी: राहिलेल्या देठाला बोटाचा हलका धक्का द्या. देठ पिवळा पडून अलगद गळला, मागे कोरडी खूण राहिली आणि शेंड्याचा डोळा फुगला असेल तर काडी तयार. देठ घट्ट असेल तर दोन दिवस थांबा. डोळा उघडून हिरवट-तांबूस टोक बाहेर आलं असेल तर उशीर झाला. अशी काडी बांधल्यावर आपल्याच साठ्यावर फुटते आणि कोमेजते.

तोडणी: सकाळी लवकर, १० ते १२ सें.मी. लांबीची काडी तोडा. तोडल्या तोडल्या ओल्या फडक्यात गुंडाळा. त्याच दिवशी बांधणं उत्तम. देवगड-रत्नागिरीहून पुण्या-मुंबईला आणायची असेल तर ओल्या फडक्यात किंवा केळीच्या सोपात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली तर तीन-चार दिवस टिकते. गाडीच्या डिकीत नको, आणि पाण्याच्या बाटलीत उभी करूनही नको.

## टप्पा ४: रोप तयार झालं हे कसं ओळखायचं

मातीबाहेर आल्यापासून ७ ते १५ दिवस, ही खिडकी. दिवसांपेक्षा रंगावर विश्वास ठेवा. देठ तांबूस किंवा तांबूस-हिरवा, पानं तांबडी आणि लोंबती, बोटांनी दाबलं तर देठ किंचित दबतो पण पिचत नाही. हे रोप बांधायचं.

पानं ताठ आणि हिरवी झाली, देठ हिरवा होऊन कडक झाला, की कोय कलमाचं काम संपलं. त्या रोपाचं काय करायचं ते पुढे दिलं आहे. जबरदस्तीने बांधू नका.

## टप्पा ५: बांधणी

पाऊस उघडलेला, ढगाळ दिवस असेल तर उत्तम. बसायची जागा सावलीत, पंख्याखाली नव्हे. वाऱ्याने काप दोन मिनिटांत सुकतो. आंब्याच्या चिकाने काहींच्या हातावर, ओठांवर फोड येतात, तेव्हा हातमोजे घाला आणि तोंडाला हात लावू नका.

१. रोप काढा. क्रेटमधली माती आधी भिजवा आणि खुरप्याने खालून उचला. देठाला धरून ओढू नका. मुळं आणि कोय दोन्ही रोपाला चिकटलेली हवीत. कोय म्हणजे या रोपाची शिदोरी आहे, पुढचा महिनाभर जोड भरून यायला लागणारं अन्न तिथून येतं. कोय निखळलेलं रोप बाजूला टाका.

२. मुळं धुऊन बुरशीनाशकात बुडवा. १ लिटर पाण्यात १ ग्रॅम कार्बेन्डाझिम, पाच मिनिटं. काड्याही त्याच द्रावणात बुडवून काढा आणि फडक्याने टिपा. एका वेळी पाच-सहाच रोपं काढा, सगळी काढून ठेवू नका.

३. शेंडा कापा. कोयीपासून ५ ते ८ सें.मी. वर, ब्लेडीने एकाच घावात आडवा काप. याहून वर कापलं तर कोवळा, लवचीक भाग राहतो आणि वरच्या काडीच्या वजनाने तो वाकतो. याहून खाली कापलं तर पुढे जोड मातीत जातो.

४. खाच घ्या. कापलेल्या देठाच्या बरोब्बर मधोमध ब्लेड ठेवून खाली ४ सें.मी. उभा काप. ब्लेड डोलवू नका, सरळ दाबत न्या. मधोमध नाही गेली तर एक पाकळी पातळ होते आणि तीच आधी सुकते.

५. काडीला पाचर करा. आधी खाच आणि मग पाचर, हा क्रम मोडू नका, कारण काडीचा काप लवकर सुकतो. काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी ४ सें.मी. लांब, निमुळता उतार द्या. प्रत्येक बाजू एका ओढीत. तासत बसलात तर पृष्ठभाग लाटांसारखा होतो आणि मध्ये हवा राहते. काप प्रकाशाकडे धरून ब्लेडीची सपाट बाजू त्याला टेकवून बघा. खालून उजेड दिसला तर पाचर उंचसखल आहे, पुन्हा एकदा ओढा.

६. बसवा. पाचर खाचेत हलकेच खाली सरकवा. साल आणि लाकूड यांच्या मधला हिरवट ओला थर दोन्हीकडचा एकमेकांना भिडला पाहिजे, जोड तिथेच होतो. काडी थोडी बारीक असेल तर ती मध्यभागी ठेवू नका, एका कडेला सरकवा. एका बाजूचा थर पूर्ण जुळला तरी कलम बसतं. मध्यभागी ठेवल्यावर दिसायला देखणं दिसतं, पण दोन्ही बाजूंचे थर चुकतात.

७. पट्टी बांधा. खाचेच्या बुडाच्या अर्धा सें.मी. खालून सुरुवात करा आणि पट्टी ताणत वर जा. प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर निम्मा चढला पाहिजे, कौलांसारखा, म्हणजे वरून आलेलं पाणी बाहेरच्या बाहेर ओघळतं. वरून खाली गुंडाळलं तर प्रत्येक वेढ्याचं तोंड पन्हळीसारखं वर उघडं राहतं. जोडाच्या वर अर्धा सें.मी. जाऊन शेवटच्या वेढ्यात टोक अडकवून ओढा.

पाचर करण्यापासून गाठ मारेपर्यंत दोन मिनिटांच्या आत व्हायला हवं. पहिल्यांदाच करत असाल तर आदल्या दिवशी जास्वंदीच्या किंवा कोणत्याही हिरव्या काड्यांवर वीसेक वेळा सराव करा. आंब्याच्या काड्या सरावासाठी नसतात.

तपासणी: कोय हातात धरून काडीला शेंड्याकडून बोटाने हलकं ढकला. जोडात हालचाल जाणवली तर पट्टी सोडून लगेच पुन्हा बांधा. उद्यावर टाकू नका.

## टप्पा ६: पिशवीत लावणं आणि टोपी

पिशवीत दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक भाग वाळू भरा. शेणखत अर्धवट कुजलेलं असेल तर ते तापतं, कोय सडते आणि हुमणीची (मुळं खाणाऱ्या अळीची) अंडीही सोबत येतात. खात्री नसेल तर खत न घालताच लावा, पहिले दोन महिने कोय पुरेशी आहे. रासायनिक खत या टप्प्यावर अजिबात नको.

कोय मातीखाली झाकली जाईल आणि जोड पूर्ण मातीच्या वर राहील अशा बेताने लावा. मुळं दुमडली जात असतील तर सोटमुळाचं टोक कात्रीने छाटा, पिशवीत गुंडाळलेलं मूळ पुढे कायम गुंडाळलेलंच राहतं. माती बोटांनी दाबा आणि झारीने पाणी द्या, जोडावर नव्हे.

आता टोपी. अरुंद पिशवी काडीवरून खाली जोडाच्याही खाली आणा. शेंड्याच्या वर दोन बोटं जागा ठेवा आणि खाली दोऱ्याने सैलसर बांधा, थेंबभर पाणी निथळून जाईल इतपत. सगळी कलमं ५० टक्के सावलीत ठेवा. टोपी घातलेलं कलम थेट उन्हात अर्धा तास राहिलं तरी आत काडी उकडते. कोकणात ऐन पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की पडवीतल्या कलमांना टोपी नसली तरी चालून जातं. पुणे, नाशिक, नागपूरकडे टोपीशिवाय करू नका.

## टप्पा ७: पहिले दीड महिने

रोज सकाळी टोपीकडे बघा. आतून दहिवरासारखं दिसत असेल तर ठीक. आत कोरडं असेल तर कुठेतरी भोक आहे. तळाशी जोडापाशी पाणी साचलं असेल तर दोरा सैल करून निथळवा आणि पुन्हा बांधा. पिशवीतली माती बोटभर खोल ओलसर लागली तर पाणी देऊ नका.

खालच्या देठावर, जोडाच्या खाली, कोंब फुटले की लगेच खुडा. कोयीपाशी आलेलेही. ते जोमदार दिसतात म्हणून ठेवायचा मोह होतो, पण ते रायवळचे आहेत आणि वरच्या काडीचं अन्न पळवतात.

साधारण दोन ते तीन आठवड्यांत शेंड्याचा डोळा फुटतो. इथे मोठी चूक होते: फुटवा दिसला की आनंदाने टोपी काढली जाते. फुटवा म्हणजे जोड नव्हे. काडीत साठलेल्या अन्नावर पहिली पालवी जोड न होताही येऊ शकते. दोन-तीन पानं पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. मग आधी फक्त खालचा दोरा सोडा आणि टोपी तशीच वर राहू द्या. दोन दिवसांनी टोपीच्या टोकाला कात्रीने भोक पाडा. आणखी दोन दिवसांनी संध्याकाळी टोपी काढा. सकाळी काढली तर दुपारपर्यंत पानं माना टाकतात. तसं झालंच तर टोपी परत घाला.

कोवळी पालवी आली की एक किडा हमखास येतो. सकाळी बघावं तर पानं कात्रीने सरळ रेषेत कापल्यासारखी खाली पडलेली, आणि काडीवर देठाकडचे थोटूक तुकडे. लोक खारीला किंवा मुलांना दोष देतात. हे काम पानं कातरणाऱ्या सोंड्याचं आहे. तो पानात अंडी घालतो आणि पान कापून खाली पाडतो. पडलेली पानं कुंडीत खत म्हणून सोडू नका, रोज गोळा करून जाळा, नाहीतर पुढची पिढी त्याच मातीतून येते. घरच्या पाच-दहा कलमांना औषधापेक्षा पालवी कडक होईपर्यंत मच्छरदाणीचं कापड बांधणं सोपं.

पानांवर काळपट डाग पडून ती टोकाकडून करपू लागली तर करपा (बुरशीचा रोग) समजा. कलमं पावसाच्या शिंतोड्यांपासून आत घ्या, दाटी कमी करा आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड १ लिटर पाण्यात अडीच ग्रॅम याप्रमाणे फवारा.

## मेलेल्या काडीवरून चूक कशी ओळखायची

फसलेलं कलम फेकण्याआधी पट्टी सोडून बघा, पुढच्या खेपेला उपयोग होतो.

- शेंड्याकडून काळी पडत खाली आली: काडी सुकली. टोपी फाटकी होती, ऊन लागलं किंवा काडी आधीच शिळी होती.
- जोडापासून काळी पडत वर गेली, वास येतो: पाणी शिरलं किंवा ब्लेड अस्वच्छ होती. पट्टीचे वेढे कोणत्या दिशेने गेलेत तेही बघा.
- महिनाभर हिरवी, पण फुटली नाही: पानं काढून पुरेसे दिवस झाले नव्हते, किंवा डोळाच नव्हता.
- फुटली, दोन पानं आली, मग कोमेजली: जोड झालाच नव्हता. पाचर ओढून काढा. ती कोरडी, तपकिरी, गुळगुळीत निघाली तर थर जुळले नव्हते किंवा मध्ये हवा होती.
- खालचं रोपच बुडाशी मऊ पडलं: जास्त पाणी किंवा कच्चं खत.

काडी मेली पण खालचा देठ हिरवा असेल तर रोप टाकू नका. एक चांगला कोंब ठेवा, ते पुढच्या पद्धतीला कामी येतं.

## वेळ टळली तर: मृदुकाष्ठ कलम

मृदुकाष्ठ कलम म्हणजे रोपाच्या कोवळ्या नव्या फुटीवर बांधलेलं कलम. हिरवी पडलेली रोपं पिशवीत वाढवा. काही महिन्यांत त्यांना पुन्हा तांबूस पालवी येते. त्या नव्या फुटीचा देठ कोवळा असताना, तिच्याच उंचीवर आडवा काप घेऊन बाकी सगळं वरच्यासारखंच करायचं: मधोमध खाच, पाचर, पट्टी, टोपी. दोन फरक लक्षात ठेवा. इथे खालची काही पानं रोपावर ठेवायची, कारण कोयीची शिदोरी संपलेली असते. आणि काडी आता पेन्सिलीच्या जाडीची चालते. रोप पिशवीतच राहत असल्याने मुळांना धक्का नाही, त्यामुळे नवख्या माणसाला ही पद्धत कधीकधी जास्त साधते.

काजू, फणस, जांभूळ आणि कोकम यांनाही मृदुकाष्ठ कलमच करतात. कोकमाचं एक पथ्य आहे. काडी सरळ उभ्या वाढणाऱ्या फांदीचीच घ्या. आडव्या फांदीची काडी बसते, जगते, फळही देते, पण झाड वर न जाता जमिनीलगत पसरत राहतं. शिवाय कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, तेव्हा फळ धरलेल्या झाडावरूनच काडी आणा. पेरू, डाळिंब यांना या खटाटोपाची गरज नाही, त्यांची गुटी बांधावी (फांदी झाडावरच असताना तिला मुळं फोडून घ्यावीत).

## पट्टी सोडणं आणि जमिनीत लावणी

जोडावरची पट्टी दोन-अडीच महिन्यांनी, पालवीचा एक बहर कडक झाल्यावर सोडा. गाठ उकलत बसू नका. जोडाच्या मागच्या बाजूने ब्लेडीच्या टोकाने पट्टीला उभी चीर द्या आणि ती आपोआप सुटू द्या. पट्टी विसरली तर ती देठात रुतते, वर फुगवटा येतो, आणि पहिल्या जोराच्या वाऱ्यात कलम नेमकं तिथे मोडतं. विकत आणलेल्या कलमांवरही ही पट्टी बरेचदा तशीच असते, लावण्याआधी बघून घ्या.

पहिला उन्हाळा कलम पिशवीतच, अर्धसावलीत काढू द्या. पिशवीच्या तळातून मूळ बाहेर आलं तर मोठ्या पिशवीत हलवा. पुढच्या जूनमध्ये, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, १ × १ × १ मीटरच्या खड्ड्यात लावा. जोड मातीत जाणार नाही असा जमिनीच्या वर ठेवा आणि बांबूचा आधार द्या. बांधायची दोरी आठच्या आकड्यात, जोडाच्या वर. जोडाखालचे रायवळचे कोंब पुढची दोन वर्षंही येत राहतील, दर महिन्याला वाकून बघा.

कलमाला दुसऱ्याच वर्षी मोहोर येऊ शकतो. घरातली मंडळी तो काढू देत नाहीत. तरी पहिली तीन वर्षं तो बुडाशी खुडून टाका.